ॲव्हरेज किती देते?

आमचं ऑफिस बाणेरहून चाकणला गेलं. कोथरूड ते चाकण, जायचे पस्तीस आणि यायचे पस्तीस किलोमीटर. पहिले तीन दिवस कार नेऊन पाहिली. तिसऱ्या दिवशी चाकणच्या तळेगाव चौकात एकाच टँकरची मागची बाजू पाऊण तास वाचून काढली आणि ठरवलं की आता दुचाकी. पण रोज सत्तर किलोमीटर जिच्यावर काढायचे ती नुसती कामाची असून कसं भागेल? थोडी मजाही यायला हवी. निदान सकाळी किल्ली हातात घेताना चेहरा लांब होऊ नये, इतकी तरी.

रात्री जेवताना बाबांना सगळं सांगितलं. इंजिन किती सीसीचं, ब्रेक कसले, सीट कशी. बाबा शांतपणे भाकरी मोडत होते. माझं संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"ॲव्हरेज किती देते?"

हा प्रश्न मी कळायला लागल्यापासून ऐकतोय. नवी गाडी घेतलेला माणूस पेढे घेऊन आला की पेढा तोंडात जायच्या आत हा प्रश्न बाहेर येतो. शुद्ध इंग्रजीत 'ॲव्हरेज' म्हणजे नुसती सरासरी. पण आपल्याकडे त्याचा अर्थ एकच, लिटरला किती किलोमीटर. त्या रात्री मला पहिल्यांदाच प्रश्न पडला की आपल्या लोकांना दुसरं काही विचारावंसं का वाटत नाही? गाडी चालवताना कसं वाटतं, हे कुणीच का विचारत नाही?

मग कपाटातून बाबांची पेट्रोलची वही काढली. शंभर पानी, निळ्या कव्हरची. तारीख, किलोमीटर, लिटर, ॲव्हरेज असे चार रकाने. पहिली नोंद १९८१ ची. पण गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू होते, आणि ती फक्त आमच्या घरची नाही.

पुणं हे सायकलींचं गाव होतं हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसला की पोलीस, डबलसीट दिसलात तर पुन्हा पोलीस. पेठेत राहणारा माणूस खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जाऊ शकत होता, आणि हजारो जात होते. घर आणि काम यांतलं अंतर पायात मावेल इतकं होतं, तोपर्यंत वाहन निवडण्याचा प्रश्नच नव्हता.

ते अंतर वाढलं पन्नास आणि साठच्या दशकांत. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या माळरानांवर शेड उभ्या राहू लागल्या. टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. दरम्यान १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, आणि नदीकाठच्या पेठांमधली माणसं शहराच्या कडेला नव्या वसाहतींत पांगली. म्हणजे कारखाने उत्तरेला सरकले आणि माणसं दक्षिणेला, पश्चिमेला. मधे पंधरा-वीस किलोमीटरचा मुंबई-पुणे रस्ता. खडकी, दापोडीचा हॅरिस ब्रिज, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड. रोज वीस किलोमीटर जाणं आणि वीस येणं ही पुणेकराच्या आयुष्यात नवीनच गोष्ट होती. त्यासाठी वाहन हवं होतं. आणि वाहन मिळत नव्हतं.

बाबांचं ऑफिस आकुर्डीच्याही पुढे, निगडीला. घर सदाशिव पेठेत. त्यांनी १९७४ साली स्कूटरसाठी नाव नोंदवलं. स्कूटर मिळाली १९८१ ला. सात वर्षं! या सात वर्षांत ते सायकलने शिवाजीनगरपर्यंत जायचे आणि तिथून कंपनीची बस. ती बस रोज बजाजच्या कारखान्यासमोरून जायची. स्कूटरनी भरलेले ट्रक गेटातून बाहेर पडताना रोज दिसायचे. "त्यातली एक माझी असेल असं सुरुवातीला वाटायचं," बाबा म्हणाले, "नंतर खिडकीची जागा सोडली मी."

आता हे असं का, हे आजच्या मुलांना पटवणं अवघड आहे. कारखाना गावातच, गिऱ्हाईक रांगेत, पैसे तयार, आणि तरी माल नाही. कारण किती स्कूटर बनवायच्या हे कारखाना ठरवत नसे, सरकार ठरवत असे. परवान्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त उत्पादन हा पराक्रम नव्हता, गुन्हा होता. बनलेल्या स्कूटर कुणाला द्यायच्या यावरही १९६० पासून सरकारी नियंत्रण. त्यामुळे सगळी भाषाच वेगळी झाली. स्कूटर 'घेतली' असं कुणी म्हणत नसे, 'नंबर लागला' असं म्हणत. लग्नाच्या यादीत नंबर, कुणाचा भाऊ अमेरिकेत असला तर डॉलर भरून लवकर लागलेला नंबर, आणि ज्याला धीर नसेल त्याने 'ऑन' देऊन घेतलेला दुसऱ्याचा नंबर. वापरलेली चेतक नव्याच्या छापील किमतीपेक्षा महाग विकली जाई. दुसरी कुठली वस्तू अशी असते?

साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया निघायला लागली, लँब्रेटा होती, पण लोकांच्या मनात स्कूटर म्हणजे बजाज. ते असो.

मला खरं कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं होतं. मी विचारलं, "बाबा, मोटरसायकलसाठी पण एवढंच थांबावं लागायचं?"

"छे! येझदी तर लगेच मिळाली असती."

येझदी! हे मला नवीन होतं. म्हैसूरला आयडियल जावा नावाची कंपनी रुस्तम आणि फारूख इराणी यांनी काढली, १९६१ पासून तिथे चेक बनावटीची जावा तयार होऊ लागली आणि १९७३ नंतर ती येझदी या नावाने विकली जाऊ लागली. २५० सीसी, दोन बाजूंना दोन सायलेन्सर. किक आणि गिअर एकाच दांड्यावर. किक मारून झाली की तोच दांडा पुढे करायचा आणि तोच गिअर. ऑफिसमधल्या एका मित्राकडे ती होती आणि बाबांनी ती लोणावळ्यापर्यंत चालवली होती. एकदाच. पण पंचेचाळीस वर्षांनंतर त्या दांड्याचं वर्णन करताना त्यांचा डावा पाय टेबलाखाली हलत होता, हे मी पाहिलं.

मग सात वर्षं का थांबले? आणि ते एकटेच नव्हे, अख्खं मध्यमवर्गीय पुणं का थांबलं?

याचं उत्तर स्कूटरच्या जन्मात आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या पाँतेदेरा गावचा पियाज्जोचा विमान कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर विमानं बनवायला बंदी, रस्ते फुटलेले, लोकांकडे पैसा नाही. एनरिको पियाज्जोने कोराडिनो डास्कानियो या इंजिनिअरला स्वस्त दुचाकी बनवायला सांगितली. हा माणूस हेलिकॉप्टरवाला. त्याला मोटरसायकल आवडतच नसे. चेन कपड्यांना तेल लावते, टायर बदलणं म्हणजे शिक्षा, टांग टाकून बसावं लागतं. म्हणून त्याने हे सगळंच काढून टाकलं. इंजिन मागच्या चाकापाशी, झाकणाखाली, चेन नाही. पुढे पत्र्याची ढाल, पाय ठेवायला सपाट जागा. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलेलं, म्हणजे चटकन निघतं. गिअर डाव्या मुठीत. १९४६ साली ही व्हेस्पा बाजारात आली. युद्धाने कंगाल केलेल्या देशासाठी बनवलेलं अगदी व्यवहारी यंत्र.

पण गंमत बघा. इटलीत सात-आठ वर्षांत ती चैनीची, तरुणाईची खूण झाली. १९५३ च्या 'रोमन हॉलिडे'त ऑड्री हेपबर्न राजकन्येची जबाबदारी झुगारून एक दिवस मोकळी फिरते, ती व्हेस्पावरून. तीच व्हेस्पा बजाजने आधी १९४८ पासून आयात केली, मग सरकारी परवाना मिळवून इथे बनवली, पियाज्जोशी असलेला करार १९७१ ला संपल्यावर १९७२ ला तिचंच चेतक झालं. आणि पुण्यात ती कशाची खूण झाली? घरच्या कर्त्या पुरुषाची. जबाबदारी झुगारायची नाही, पुढे-मागे बसवून न्यायची.

डास्कानियोने जे जे केलं होतं ते आमच्या गरजांत असं काही चपखल बसलं की त्याने सदाशिव पेठेत राहून डिझाइन केलं असावं. सपाट जागेत मोठं मूल उभं राहतं, वर भाजीची पिशवी मावते. मागे आई नऊवारी किंवा सहावारी नेसून एका बाजूला बसते, मांडीवर धाकटं, आणि पदर अडकायला चेन नाही. पुढच्या ढालीमुळे पँटवर चिखल नाही. ऑफिसला गेल्यावर पाय धुवायला नकोत. पंक्चर झाली तर जादा चाक बरोबरच, आणि पुढचं-मागचं एकाच मापाचं. येझदीवर दोघं मजेत जातील. पण बाबांना चौघं न्यायचे होते, आणि १९७४ साली तर आईशी लग्नही झालेलं नव्हतं! म्हणजे त्यांनी नाव नोंदवलं ते अजून नसलेल्या कुटुंबासाठी. पुढे आई आली, ताई आली, मी आलो, आणि मी दोन वर्षांचा झाल्यावर स्कूटर आली.

हे ऐकल्यावर मी जरा गप्पच झालो.

बरं, रोजच्या लांब प्रवासाला स्कूटर चांगली होती का? खरं सांगायचं तर नाही. दहा इंची चाकं खड्ड्यात अख्खी उतरतात. इंजिनाचं सगळं वजन उजवीकडे, त्यामुळे हात सैल सोडला की गाडी स्वतःचा विचार करू लागते. टू स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं, प्लग काळा पडला की पॉलिश पेपरने घासायचा. सकाळी सुरू झाली नाही की तिला एका अंगावर आडवी करायची, पाच-दहा सेकंद थांबायचं आणि मग किक. आमच्या वाड्यात साडेसातला तीन-चार स्कूटर आडव्या झालेल्या असत, आणि त्यांचे मालक भाविकतेने बाजूला वाकलेले. बाबा डिकीत कायम एक क्लचची केबल आणि एक प्लग ठेवत.

अशा गाडीवर त्यांनी चोवीस-पंचवीस वर्षं रोज चव्वेचाळीस किलोमीटर काढले. वर्षाचे दिवस धरले तर साडेबारा हजारांच्या घरात. वहीतला ॲव्हरेजचा आकडा चाळीस ते पंचेचाळीसमध्ये घुटमळतो. पाचाचा फरक पडला तर वर्षाला तीस-पस्तीस लिटर पेट्रोल. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर जगभर तेलाच्या किमती भडकल्या. त्यानंतर संसार मांडलेल्या पिढीला हे पस्तीस लिटर म्हणजे काय ते ठाऊक होतं. शिवाय गाडी आपण निवडलेली नाही, नंबर लागला म्हणून आलेली. रंगही मिळेल तो. मग जे आपल्या हातात उरतं त्याचीच माणूस चौकशी करणार. गाडी कोणती हे सरकार ठरवणार, कधी हे रांग ठरवणार. एक्सिलेटर किती पिळायचा, एवढंच मालकाच्या हातात. 'ॲव्हरेज किती देते' हा प्रश्न तिथून आलाय असं माझं मत झालंय.

ज्यांना स्कूटर परवडत नव्हती किंवा रांगेत उभं राहायचं नव्हतं त्यांच्यासाठी फिरोदियांनी १९७२ ला लुना आणली. पन्नास सीसी, पेट्रोल संपलं तर पॅडल मारत घरी. लुनाची चेष्टा फार झाली, पण पुण्याच्या बायकांना घराबाहेर स्वतःच्या वेळेवर काढणारं पहिलं इंजिन तेच, हे विसरून चालणार नाही. आमची आत्या लुनावरून शाळेत शिकवायला जायची. तिला कुणी ॲव्हरेज विचारलं की ती म्हणायची, "बसची वाट बघावी लागत नाही, एवढं देते."

मग १९८४-८५ उजाडलं आणि दरवाजे किलकिले झाले. परदेशी कंपन्यांशी भागीदारीला सरकारने परवानगी दिली, पण मोटरसायकल शंभर सीसीपर्यंतचीच हवी. म्हणून त्या दोन-तीन वर्षांत आलेल्या चारही जपानी गाड्या शंभराच्या: इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहाची आरएक्स हंड्रेड आणि बजाजची कावासाकी. एकाच मापाच्या कपड्यात चार वेगवेगळी मुलं. त्यांतल्या दोघींनी आपल्या प्रश्नाची दोन टोकं पकडली.

हिरो होंडा सीडी हंड्रेड, १९८५. फोर स्ट्रोक. ऑइल मिसळायला नको, आवाज नाही, धूर नाही, आणि जाहिरात सांगत होती की टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. ॲव्हरेज ऐंशीच्या गप्पा. चाकं मोठी, त्यामुळे खड्ड्यातही स्थिर. लांबच्या नोकरीसाठी याहून शहाणी गाडी तोवर झाली नव्हती. आणि त्याच वर्षीची आरएक्स हंड्रेड. टू स्ट्रोक, अकरा हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. हिचं ॲव्हरेज कुणी विचारत नसे, आणि विचारलं तरी चालवणाऱ्याला ऐकू येत नसे :-) आमच्या गल्लीत एकाने घेतली होती. आवाज कोपऱ्यावरून आला की आम्ही पोरं गॅलरीत.

बाबा तेव्हा अडतिशीच्या आत होते. पैसे होते. स्कूटर विकली असती तर चांगली किंमत आली असती. पण पुढे मी उभा राहत होतो ना.

त्याच सुमारास किनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू, गिअर नाहीत. पुरुषांनी नाकं मुरडली, "ॲव्हरेज नाही देत." बायकांनी आणि कॉलेजच्या मुलींनी नाकं न मुरडता ती घेतली. आज रस्त्यावर जी गिअर नसलेली स्कूटर सगळे बिनदिक्कत चालवतात, तिची वाट या मुलींनी पाडली. इतिहासात हे श्रेय कंपनीला जातं. मी ते मुलींना देतो.

पुढचं भराभर सांगतो. १९९१ नंतर परवाने गेले, रांगा गेल्या, आणि नव्वदचं दशक संपता संपता मोटरसायकलने स्कूटरला मागे टाकलं. चारजणांच्या कुटुंबाला मारुती परवडू लागली. मग दुचाकीवर एकटाच माणूस उरला, आणि एकट्याला सपाट जागा कशाला? २००१ ला बजाजने पल्सर काढली. म्हणजे ज्या कंपनीने पुण्याला संसारी स्कूटर दिली तिनेच सांगितलं की आता जरा मजा करा. डिसेंबर २००९ मध्ये तिने स्कूटर पूर्ण बंद करत असल्याचं जाहीर केलं. बाबांनी ती बातमी कापून वहीत ठेवली आहे. काही लिहिलेलं नाही त्यावर. आमची चेतक त्याआधीच, ते निवृत्त झाल्यावर, एका दूधवाल्याने नेली होती. २०२० मध्ये चेतक हे नाव परत आलं, ते विजेवर. लुनाही २०२४ मध्ये विजेवर आली.

आता माझं. मेट्रो पिंपरीपर्यंत नेते, चाकणला नाही. विजेच्या स्कूटरचा हिशेब पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो, पण आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये प्लग पॉइंट घ्यायचा विषय दोन वर्षं मीटिंगमध्येच चार्ज होतोय, आणि रोज सत्तर किलोमीटरला मला ते जमेना. येझदी २०२२ मध्ये पुन्हा आली आहे, ३३४ सीसीची. मी ती बघून आलो आणि बाबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला. किक नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

"घेऊ?" मी विचारलं.

"अरे, माझी हौस तुझ्या पेट्रोलवर कशाला?"

त्या रात्री वही पुन्हा चाळली. सगळी पानं भरलेली, ॲव्हरेजचे आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत. पण मधेमधे काही ओळी वेगळ्या आहेत. 'सिंहगड पायथा', 'पानशेत', 'थेऊर, चौघे', एकदा थेट 'महाबळेश्वर'. रविवारच्या तारखा. किलोमीटर लिहिलेत, लिटर लिहिलेत. पुढचा रकाना कोरा. घाट आणि चौघांचं वजन, आकडा नक्कीच वाईट आला असणार. पण माणूस इतका काटेकोर की त्याने तो लिहायला हवा होता. मी विचारलं तर म्हणाले, "राहिला असेल." सत्तावीस वेळा?

शेवटी एकशे साठ सीसीची मोटरसायकल ठरली. ॲव्हरेज पन्नासच्या आत-बाहेर, म्हणजे बाबांच्या चेतकपेक्षा बरं आणि सीडी हंड्रेडपेक्षा वाईट. बायकोने मागे बसून पाहिलं आणि सीट अरुंद असल्याचा शेरा दिला, लेकीला रंग आवडला. शनिवारी पैसे भरायला जाताना बाबाही बरोबर आले. शोरूममध्ये त्यांनी हँडल धरून पाहिलं, डाव्या पायाने गिअरचा दांडा चाचपला, मग काउंटरवरच्या मुलाला विचारलं,

"नंबर कधी लागेल?"

"नंबर आरटीओकडून येईल काका, आठवडाभरात. गाडी तयारच आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चला, आपण चहा घेऊ तोवर.